महिन्यातून एक जेवण

आई मासळी घ्यायची ती आधी बोटानं.
दाबायची, सोडायची.
खड्डा भरून आला तरच भाव विचारायचा.
मग कल्ला उचलून आत बघायचं:
लाल असेल तर बरं, विटकरी पडला असेल तर पुढची पाटी.
डोळा काचेसारखा हवा.
वास समुद्राचा हवा, माशाचा नको.
एवढं शास्त्र मी हर्णैच्या बंदरावर
तिच्या पदराला धरून फुकट शिकले
आणि इथे पोकीप्सीत, हडसनच्या धक्क्यावर,
त्याचा काडीइतका उपयोग नाही.

इथला पट्टेरी बास
आईच्या सगळ्या परीक्षांत पहिला येईल.
लायलॅक उमलला की समुद्रातून वर चढतो,
हातभर लांब, चांदीवर काळ्या रेघा ओढलेल्या,
कल्ले जास्वंदीसारखे.
विष असतं ते चरबीत.
त्याला रंग नाही, वास नाही,
घाई तर मुळीच नाही.
वरच्या अंगाला कधी कारखाने होते.
ते गेले. त्यांचं तेल गाळात राहिलं,
गाळातलं किड्यात,
किड्यातलं बारक्या मासळीत,
आणि पुढचं जो जाळं टाकेल, गळ टाकेल त्याच्यात.
बाईच्या अंगात साठतं, आणि मग
दुधात उतरतं.

मी दवाखान्याची बाई. पिशवीत पत्रकं.
पत्रक सांगतं: कातडी सोला.
पोटाकडची चरबी कापून टाका,
कुशीवरची काळसर पट्टी काढा.
गाबोळी नको.
आणि ज्या पाण्यात शिजवलं ते पाणी ओतून द्या.

हे शेवटचं मला दोनदा वाचावं लागलं.
पाणी ओतून दिल्यावर
कालवण म्हणजे उरतं काय?

एउलालियाला सातवा महिना.
चुलीवर, म्हणजे गॅसच्या दोनातल्या एका शेगडीवर,
मोठं पातेलं, वर कोथिंबीर, लिंबाच्या फोडी,
आत डोक्यासकट बास.
मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये
पोटाकडे बोट दाखवते, माशाकडे दाखवते, मान हलवते.
चार वर्षांची ब्रिसैदा माझी नक्कल करते.

फिदेन्सियो छपरं शाकारतो. पावसाळी आठवड्यात काम नसतं,
तेव्हा गळ.
तो पत्रक उलटसुलट बघतो, म्हणतो,
दुकानातला मासा अकरा डॉलर पौंड.
त्याचं पत्रक आहे का तुझ्याकडे?

नव्हतं.

एउलालिया तक्त्यावरून बोट फिरवत होती.
पोरं: खाऊ नये.
पन्नाशीच्या आतल्या बाया: खाऊ नये.
शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.
पन्नाशीच्या पुढच्या: महिन्यातून एक जेवण.
तिनं माझ्या केसांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
त्रेपन्न, मी म्हटलं. पाच बोटं, तीन बोटं.

तिनं ताट वाढलं.

ज्या अंगातून आता कुणी यायचं नाही
त्याला थोडं मंजूर आहे.
मला राग यायला हवा होता. भूक लागली होती.
कातडी तेवढी बाजूला काढली, नोकरीला स्मरून.
ती समोर बसून कोरडी रोटी तोडत राहिली,
माझा घास तोंडात जाईपर्यंत नजर हलवली नाही.
चव? उत्तम.
तसं पत्रकात कुठे लिहिलेलं नाही,
लिहायला हवं.
नाहीतर आम्ही काय टाकायला सांगतो
ते आम्हाला कळलंय असं कोण मानेल?

मग ती उठली, फडक्यानं पातेलं धरलं
आणि सगळा रस्सा मोरीत ओतला.
पिवळे डोळे पृष्ठावर फिरले, गेले.
मोरीचं पाणी पुढे कुठे जातं, तिनं विचारलं नाही.
मी पिशवीची चेन लावत होते.

ओट्यावर वर्तमानपत्रात दुसरा बास,
सकाळचाच, अजून ओला.
ब्रिसैदानं खुर्चीवर चढून
त्याच्या पोटात बोट रुतवलं,
उचललं.
खड्डा भरून आला.
ती हसली. पुन्हा दाबलं.
पुन्हा भरून आला.